कुठनं जातंय

येळ्ळूर रोडच्या कोपऱ्यावर माझं पंक्चरचं दुकान.
दुकान म्हणजे एक पंप, दोन पान्हे,
अर्धं कापलेलं पिंप आणि त्यात काळं पाणी.

भरमू यायचा दुपारी,
समोरच्या शाळेत बिसीऊट खाऊन.
'मामा, सोल्यूशनची ट्यूब द्या की एक.
सायकल पंक्चर झालीय.'
सायकल त्याच्याकडं नव्हती.
दहाची ट्यूब मी वीसला द्यायचो.

रोजचे वीस रुपये कुठनं येतायत
हे मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं,
म्हणून विचारलं नाही.

नाल्याच्या पुलाखाली चौघं बसायची
मागावरच्या चिंध्यांत ते पिवळं ओतून, तोंड खुपसून,
वासरं कासेला लागावीत तशी.
त्यातला थोरला सिद्राय, ट्यूब सोडून पन्नीवर गेला.
गणपतीत गटारीकडेला सापडला.
लोक म्हणाले, सुटला.
सतरा वर्षांचं पोर. सुटला म्हणाले.

एकदा गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात धरून
मी हळूहळू फिरवत होतो.
बुडबुडा आला की तिथं बोट ठेवायचं.
भरमू उकिडवा बसून बघत होता.
मग त्यानं बाही वर केली
आणि हात घातला पिंपात, कोपरापर्यंत.
'बघा मामा, कुठनं जातंय.'

हसत होता. डोळे लाल.
हातावर विडीचे डाग, गोल, एका मापाचे,
मी लावतो त्या पॅचांसारखे.
बुडबुडा आला नाही.

'कोण करूलाय हे?'
'मालकाचा भाऊ. कांड्या भरून झाल्या की, रात्री.
माग चालू असतात न्हवं, कायबी ऐकू येत नाही.'
मग ट्यूबच्या झाकणाशी खेळत,
'वीस रुपये देतो.'

त्या रात्री गल्ला मोजताना
कुठली नोट कुणाची ते कळेना.

शाळेच्या भिंतीवर निळा बोर्ड आहे.
सहा वर्षं मी त्याच्यासमोर बसतोय.
कानडी मला बोलायला येतंय, भांडायला येतंय,
वाचायला नाही.
पोरवयात असल्याच अक्षरांवर डांबर फासलंय मी,
लाठी खाल्लीय, पाठ थंडीत अजून बोलते.
भाकरीवाल्या निंगव्वाला विचारलं, एन बरदैति?
ती बोट ठेवत ठेवत वाचत गेली.
'मक्कळ सहायवाणी.'
मक्कळ म्हणजे पोरं. एवढं येत होतं मला.
खाली चार आकडे.
ते तर पहिल्या दिवसापासनं वाचता येत होते.

फोनवरची बाई मराठीत बोलली.
मालकाचं नाव विचारलं, सांगितलं.
भावाचं, शेडचा पत्ता, सगळं सांगितलं.
'आणि पोराला ती ट्यूब कोण विकतं?'

पलीकडच्या गल्लीत माग खडखडत होते.
ती हॅलो हॅलो म्हणत राहिली.
मग मी माझं नाव दिलं, बापाच्या नावासकट.

भरमू आता इथं नाही.
कुठं ठेवलाय ते मला सांगत नाहीत, बरोबरच आहे.
मालकाचा भाऊ जामिनावर आलाय.
परवा गाडीत हवा मारायला थांबला.
पंप बिघडलाय म्हटलं.
पंप दोघांच्या मध्ये उभा होता, धडधाकट.

पुलाखाली नवीन तीन पोरं.
ट्यूब कुणीतरी विकतंयच.

काल भरमूची आई आली मडगावहून.
धुणीभांडी करून बोटांची सालं निघालेली.
पिंपाजवळ उभी राहिली. मला वाटलं,
आभार मानेल, निदान रडेल.
मी स्टूल पुसून पुढं केलं.

ती बसली नाही. म्हणाली,
'किती ट्यूबा दिल्यात त्याला?'

'एकशे चौदा.'

वही उघडावी लागली नाही.