फ्रेममध्ये कोणी नको

पहाटे चारला निघालो.
आन्सेल्मो पुढे, त्याच्या कपाळावरचा दिवा त्याच्याही पुढे,
मी मागून, खांद्यावर ट्रायपॉड,
डोक्यावर बुरितीच्या पात्यांची टोपी, पायांत काही नाही.
रेती गार. इथली रेती भर दुपारीही चटका देत नाही,
हे त्याला पटेना. बूट काढले नाहीत त्याने.

तो कुरितीबाचा, पार दक्षिणेकडचा,
जिथे म्हणे माणसं स्वेटर घालून झोपतात.
राष्ट्रीय उद्यानांचं कॅलेंडर करायचंय त्याला.
आमच्या वाट्याला एक महिना.
मी म्हटलं, हे वाळवंट नव्हे हं,
सहा महिने पाऊस झोडपतो, म्हणून तर ही तळी.
तो म्हणाला, हो, पण दिसलं पाहिजे वाळवंट.

सूर्य वर आला.
टेकड्या एका अंगाने दुधाच्या, दुसऱ्या अंगाने शाईच्या,
मधे पाणी, आत्ताच कुणी ओतून गेल्यासारखं हिरवं.
तो गुडघ्यांवर बसला. श्वास धरला. सोडला.
ते ठसे कुणाचे?
माझेच. काल सांजेला शेळ्या शोधत आले होते.
पुसशील?

टोपीने पुसले.
आपलीच वाट पुसायची तर मागे मागे सरकावं लागतं,
आणि सरकताना नवे ठसे उमटतात.
शेवटी तोच कंटाळला. म्हणाला, राहू दे, वारा करेल.
वारा करतोच.
वाऱ्याला इथे दुसरा उद्योग काय आहे.

नऊनंतर उजेड सपाट झाला.
मेलेला उजेड, तो म्हणाला, आणि कॅमेरा फडक्यात गुंडाळला.
मेलेल्या उजेडात आम्ही जेवलो:
कसाव्याचं भाजलेलं पीठ, खारवलेला मासा,
त्याच्याकडचे बदाम, मोजून सहा सहा.
मेलेल्या उजेडात माझा भाऊ झेनिल्दो लांबून गेला
समुद्राकडे, पाठीवर जाळं.
त्याने हात केला. मी हात केला.
आन्सेल्मो लेन्स पुसत होता.

या भागाला लेन्सोइस म्हणतात. लेन्सोइस म्हणजे चादरी.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
बोटीवरून पाहिलं असणार त्याने, लांबून.

चारला सावल्या परतल्या, एकेक करून,
शेळ्या परततात तशा, न हाकता.
आणि त्याला हवी ती टेकडी मिळाली.
एकच धार, सुरीने ओढलेली.
माथ्यावर काही नाही, पायथ्याशी काही नाही,
फक्त डावीकडे एक काटकी,
वीतभर, रेतीतून वर आलेली.
तेवढी उपटून टाकशील?

ती काटकी नाही, मी म्हटलं.
तो काजूचा शेंडा आहे.
काजू आमच्या दारात होता.
दारापासून सात पावलांवर चूल.
टेकडी येताना दिसते, अचानक येत नाही,
चार वर्षं आम्ही तिला येताना पाहिलं.
मग दारं उचकटली, छपराच्या झावळ्या उतरवल्या,
झोळ्या सोडल्या, मडकी नेली.
कूड तेवढे राहिले, आणि हे झाड.
आई म्हणते, मी म्हातारी होईन तोवर
टेकडी पलीकडच्या अंगाने निघून जाईल
आणि चूल जागेवर सापडेल.
सापडेल की नाही, कोण जाणे.
तू उभा आहेस ना, तिथे पाण्याचा रांजण असायचा.

तो एक पाऊल बाजूला झाला.
बहुतेक नकळत.

उजेड चालला होता. पाच मिनिटं असतील, फार तर.
नंतर कॉम्प्युटरवर काढता येते म्हणा काटकी,
तो बोलून गेला, आणि लगेच कॅमेऱ्यावर वाकला.
बटणाचा आवाज आला. पुन्हा आला.
धार आधी केशरी झाली, मग राखेच्या रंगाची, मग धार उरली नाही.

परतताना दिवा त्याने लावला नाही.
अर्ध्या वाटेवर, मागे न बघता, विचारलं:
अजून धरतं का काही, त्या झाडाला?

गेल्या साली एक बोंडू आला होता, मी म्हटलं.
शेळीने खाल्ला.