बारा किलो वाळू

यादी आली तेव्हा मी लॅडलशी होतो,
हातमोज्यातून फोन उघडत नाही.
जेवणाच्या सुट्टीत वाचली, डब्याच्या झाकणाला फोन टेकवून:
लोकरी मोज्यांचे तीन जोड,
कपाळाला बांधायची बॅटरी, जादा सेल,
काळा चष्मा.
चष्मा आहे की, म्हटलं,
चोवीस वर्षं तोच लावून भट्टीच्या तोंडात बघतोय.
"त्यो न्हवं," टोपण्णा म्हणाला,
"बर्फाचा येगळा अस्तोय."
आणि स्वतःची अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली,
चढण आजच सुरू झाल्यासारखी.

सहा दिवस, पाच मुक्काम, सतरा हजार फूट.
बेळगाव अडीच हजारावर.
मधले साडेचौदा हजार
उद्यमबागेत कुठल्या दुकानात मिळतात?

पाठीवर बारा किलो घेऊन चाला, गाईड फोनवर म्हणाला.
जयपाल त्याचं नाव. आवाज पोरसवदा,
पण दोन शब्दांमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा.
बारा किलो काय, आमच्याकडे वाळूचा डोंगरच आहे,
वापरून जळलेली, काळी, फुकटची.
भंगारवाल्या मुनीरच्या काट्यावर मोजली,
खताच्या पोत्यात बांधली, पोतं पिशवीत.
दर रविवारी पहाटे येळ्ळूरचा गड.
डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं,
खाली भाताची खाचरं, सांबऱ्याकडे दिवे,
आणि छातीत आमची जुनी ब्लोअर.

डॉक्टर हिरेमठांनी छातीचा फोटो उजेडाला धरला.
उजवीकडे, खाली, थोडं धुकं.
"एष्ट वर्षा?"
चोवीस, म्हटलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग दवाखान्याचा जिना तीनदा चढायला लावला,
बोटाला चिमटा लावून आकडा बघितला,
सही केली. पेन मात्र उचललं नाही लगेच.

साच्याला हवा जायला भोकं ठेवावी लागतात,
नाहीतर लोखंड आतल्या आत उकळतं
आणि कास्टिंग पोकळ निघतं.
हे मी नव्या पोरांना शिकवतो.
जयपाल म्हणतो, श्वास ओढू नका, सोडा,
आत यायचा तो आपण येतो.
आम्ही दोघं एकाच कारखान्यात असतो
तर बरं जमलं असतं.

शेवटच्या रविवारी गड हलका वाटला.
वाटलं, झालं, तयार झालो.
वळणावर शेळ्या घेऊन एक म्हातारी,
काठीनं माझ्या मागची वाट दाखवत:
"यप्पा, उसुक सोराकत्तैति."
वळून बघितलं.
पायथ्यापासून माझ्या टाचेपर्यंत
काळी बारीक रेघ,
दगडांवरून, गवतातून, कुठंही न तुटता.
उतरताना तीच धरून आलो, चुकायला जागाच नव्हती.
घरी काट्यावर साडेसात किलो.

मालन काही बोलली नाही.
पोत्याचं भोक दुहेरी दोऱ्यानं शिवलं,
वाळू भरली, वर घरचा बासमती, बारा पुरे होईतो.
"ह्ये सांडू नगा," एवढंच.
मंगळवारी संध्याकाळी आणखी एकदा चढलो,
त्या दिवशी गड पुन्हा गडाएवढा झाला.

आता बूट दारात उभे आहेत,
घरातल्या घरात महिनाभर वापरून मऊ केलेले.
पायाची नखं कापून या, यादीत लिहिलंय,
उतारावर बोटं पुढं आदळतात.
कापली.
नखांच्या कडेची काळी रेघ काही निघाली नाही,
साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं.

शेवटी एक फॉर्म उरला.
जुने आजार. रक्तगट. घरचा नंबर.
तंबूत चौघं असतात म्हणून विचारतात,
तुम्ही घोरता का?
पेन थांबलं माझं.
मालन भांडी पुसता पुसता आतून म्हणाली,
"घोरत न्हाईत म्हणून लिवा.
पण झोपेत वरडतात, 'सरकाऽ, लोखंड आलंऽ!'
ह्ये बी लिवा."

लिहिलं.
आता वर कुठंतरी, मध्यरात्री, बर्फावर,
तीन अनोळखी माणसं दचकून उठतील,
तंबूच्या कडेला अंग चोरतील,
आणि मधल्या मोकळ्या जागेतून
चौदाशे अंशांचं काहीतरी
सावकाश, न सांडता, पलीकडे जाईल.