चार ठोके जास्त

बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या पोराची वरात,
कवठे महांकाळ, स्टँडसमोरचं वळण.
सिद्राम मास्तरांनी ट्रंपेट आभाळाकडं केला,
वरचा सूर धरला.
सूर तिथंच राहिला.
मास्तर तेवढे खाली आले.

मी मागं होतो, मोठा ढोल गळ्यात.
ढोलवाल्याला पुढचं काही दिसत नसतं,
ढोलच दिसतो.
म्हणून मास्तर पडल्यावर मी
चार ठोके जास्त वाजवले.
तिसऱ्याला क्लॅरनेटवाले थांबले होते.
चौथा एकटाच गेला पेठेतनं
आणि कुठल्याशा शटरवर आपटून परत आला.

नवरदेव गाडीतून उतरला, हे सांगायलाच पाहिजे.
फेटा काढला, म्हणाला, यातनं न्या.
फुलांनी मढवलेली पांढरी गाडी,
लाल कोटाची बटणं तोडलेले मास्तर,
डोकं माझ्या मांडीवर.
दंडोबाचा डोंगर अंधारात कधी गेला कळलं नाही.
झेंडू मागं उडत राहिला.
मिरजेत दवाखान्याच्या दारातला वॉचमन
आधी हसला,
नवरा आला म्हणून.

तीन नळ्या बंद होत्या, डॉक्टर म्हणाले.
ट्रंपेटलाही तीनच चाव्या असतात.
हे मला नंतर सुचलं, परतीच्या एसटीत,
आणि कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

व्यापाऱ्यानं निम्मेच पैसे दिले.
वरात निम्मीच झाली होती, खोटं कसं म्हणू.
वैशाखातल्या अकरा तारखांचा विसार
काकूंनी पत्र्याच्या पेटीतनं काढला,
दोनदा मोजून एकेकाला परत करायला घेतला.
आठ जण घेऊन गेले.
तीन तारखा आम्ही मास्तरांशिवाय वाजवल्या.
लोक नाचले.
तेच जरा लागलं.

आता मास्तर घरी आहेत, लिंबाखालच्या बाजेवर.
छातीवर उभी शिवण, गळ्यापासून खाली.
हातात प्लॅस्टिकचं खेळणं,
तीन नळकांड्या, तीन निळे गोळे.
फुंकायचं नाही, ओढायचं, असं नर्सनं बजावलंय.
चाळीस वर्षं ज्यानं वारा बाहेरच सोडला,
लग्नात, उरुसात, एखाद्या म्हाताऱ्याच्या मयतीतही,
त्याला आता आत घ्यायला शिकायचंय.
पहिला गोळा चढतो.
दुसरा चढतो.
तिसरा तळाशीच थरथरतो,
नव्या पोरानं कसाबसा धरलेल्या सुरासारखा.
"आवाजच न्हाई ह्येला," मास्तर म्हणतात,
"असलं कुठं वाद्य असतंय व्हय?"

परवा औषधं घेऊन गेलो.
कोण मेलं, कोण पळून गेली,
कुठल्या बँडनं डीजे घेतला, सगळं सांगून झालं.
मग बराच वेळ नुसते बसलो.
फांदीकडं बघत ते म्हणाले,
"चार वाजवलास तू. जास्तीचे."
मी चपलेकडं बघितलं.
"पडल्यावर त्येवढंच ऐकू येत हुतं.
दुसरं कायबी न्हाई.
तिसरा जरा घाईत गेला तुजा."

ट्रंपेट आत खुंटीवर आहे.
भोंग्याला पोचा आलाय, तो काढायचा नाही म्हणालेत.
काकू पाण्याला गेल्या तसं
उशीखालनं त्यांनी नुसता माउथपीस काढला,
बंडीला पुसला, ओठाला लावला.
मी म्हणालो, डॉक्टर नको म्हणालेत.
त्यांनी भुवई उचलली,
वरातीत उचलायचे तशीच,
म्हणजे, तयार राहा.

गोमाशीएवढा आवाज निघाला.
बाजेखालच्या कुत्र्यानं मान वर केली.
माझा हात मांडीवर पडायला निघालाच होता,
तेवढ्यात फाटकाची कडी वाजली
आणि मास्तरांनी माउथपीस
माझ्या खिशात टाकला.