पंचवीसचा कट्टा

नववी ‘ब’च्या मधल्या सुट्टीत
शांभवीने एक खेळ काढला होता.
डोळे मिटायचे, समोरचीची बोटं हुंगायची
आणि सांगायचं, घरी काय केलंय आज.
मेघनाची बोटं: मेथी.
समीनाची: शेंगाचटणी, लसूण जास्त.
आम्ही हसायचो. हसायला पैसे पडत नव्हते.

मी तेव्हापासून उजव्या हाताला
आधी राख, मग लिंबू, मग आत्याची पावडर चोळून
शाळेला निघायची.
पहाटे पाचला बल्बखाली दोनशे विड्या वळल्यावर
तंबाखू कुठे जाते?
नखाखाली जाते. कातडीत बिऱ्हाड करते.
अम्मा म्हणायची,
“काय घासूलालीस गं एवढं, पातेलं आहे का ते?”

भाग्यलक्ष्मीने लिंबू लावलं नव्हतं.
एवढाच आमच्यातला फरक.
गल्ली तीच. भिंतीपलीकडचे माग तेच,
ज्यांच्या खटाक्यावर आम्ही दोघी पाढे पाठ केले.
पानं कापायचा पत्र्याचा फर्मासुद्धा
एकमेकींच्या घरून उसना न्यायचो.

शांभवीने तिचा हात हुंगला
आणि काही बोललीच नाही.
नुसती नाक धरून मागे सरकली.
मग मेघना सरकली. मग समीना.
खरकट्या पाण्यात साबणाचा थेंब पडल्यावर
तवंग फाटतो ना,
तशी भाग्यलक्ष्मीभोवती जागा झाली.
आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

कुणी ढकललं नाही मला.
कुणी “हस” म्हणालं नाही.
मी हसले.
इतरांपेक्षा जरा मोठ्याने,
कच्च्या अक्षराचा माणूस
सही गिरवून ठळक करतो तसं.

भाग्यलक्ष्मीने माझ्या बोटांकडे पाहिलं.
एकदाच.
एक शब्द पुरला असता तिला.
तिने डबा बंद केला आणि नळावर गेली.

त्याच संध्याकाळी, ब्रँचसमोरच्या रांगेत,
ती पुढे, मी मागे, मांडीवर टोपल्या.
चेकर आत विड्या छाटत होता,
बायका तेलुगूत त्याच्या आईला आठवत होत्या.
मी मान खाली घालून बसलेली.
तिने वळून माझ्या टोपलीवर नजर फिरवली:
“मोज परत. एक कट्टा कमी आहे तुझा.”
मोजलं. खरंच कमी होता.
तिने आपल्यातला काढून टाकला.
पंचवीस विड्या, लाल दोरा,
तोंडं सगळ्यांची सारखी मिटलेली.
“उद्या दे,” म्हणाली.

दिला का, ते आठवत नाही.

खोटं. आठवतं.
दुसऱ्या दिवसापासून मी रांगेत
धाकट्या भावाला पाठवू लागले.

त्या जानेवारीत गड्ड्यावर
शांभवीने मला तिच्या पाळण्यात बसवलं.
वर गेल्यावर सगळं सोलापूर दिसतं:
तळं, देऊळ, किल्ल्याचा बुरूज,
पलीकडे गिरण्यांचा धूर नसलेल्या चिमण्या.
“तुझं घर कुठंय गं?” सगळ्या ओरडल्या.
मी बोट दाखवलं.
पूर्व भागाकडे नाही. दुसरीकडेच.
बोट इतकं स्वच्छ होतं माझं.

काल रात्री
लेक मोबाइल पालथा ठेवून जेवायला बसली.
घास उतरत नव्हता तिचा.
“सगळ्यांनी हसरा चेहरा टाकला, मग मीपण टाकला.
एकटीनंच नाही टाकला तर दिसतं ना, आई.”
“कुणावर?”
तिने एक नाव सांगितलं.
साधंच नाव. हजेरीत कुठेतरी मधे येणारं.

मला बोलायला काही सुचेना.
तव्यावर भाकरी फुगत होती.
पिठाचा हात तसाच तिच्यापुढे धरला,
म्हटलं, “हुंग.”
“ज्वारी.”
“अजून.”
“काही नाही गं दुसरं.”
“अजून,” मी म्हटलं,
“नखाजवळ.”