अपन्हुतीचं उदाहरण

सावद्याची शाळा, नववी ब, जूनचा शेवटचा आठवडा,
जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
मुलं भाकरीनं जड, आणि पंखा
ऊन नुसतं इकडून तिकडे ढकलतोय.

फळ्यावर मी :
उपमेय नाकारायचं,
त्याच्या जागी उपमान आणून बसवायचं.
'हे अमुक नाहीच, हे तमुक आहे.'
अपन्हुती. दोन गुण हमखास.
उदाहरण कोण देतंय?

नेहेतेनं पाठ केलेलं दिलं, खाली बसला.
मग शेवटच्या बाकावरची सायरा बलदार तडवी,
जी हजेरीलासुद्धा अर्धंच 'हजर' म्हणते,
ती उठली :

'सर, मागच्या महिन्यात वादळ आलं नं,
तर बकरी दुपारपासूनच दाव्याला हिसके देत होती.'
(पूर्वसूचना, मी मनात.)
'मंग केळी झोपली. पूर्ण बाग, घडांसकट,
एका कुशीवर, बाया थकून झोपतात तशी.'
(उपमा. वा.)
'बाप म्हणे, घरात चला. आम्ही घरात गेलो,
तर घरच बाहेर निघालं.'
वर्ग हसला.
'आणि सर, छप्पर नाही उडालं.
हात जोडलेला माणूस उडाला.'

बास! मी वळलो, वाक्य फळ्यावर घेतलं.
छप्पर, खाली रेघ : उपमेय.
माणूस, खाली दोन रेघा : उपमान.
बघा रे, पुस्तकाबाहेरचं, आपल्या इथलं...

'नाही सर.' ती अजून उभीच.
'छप्पर नव्हतंच आमचं. फ्लेक्स होता.
कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा.
बापानं चौकातून आणला, वीस रुपयांत,
चारी कोपरे तारेनं आवळले.
रात्री आम्ही आडवं झालो की
तो वरून नमस्कार करायचा.
तोच उडाला. सुकी नदीच्या अंगानं.'

कोणी हसलं नाही.
पट्टी वाजवणारा एक होता, तोही थांबला.
मी डस्टर उचललं. 'माणूस' पुसला गेला,
'उडाला' तसंच राहिलं,
तेवढ्यात रुळाच्या तुकड्यावर टोला पडला.

पुढं श्रावणात, फैजपूरच्या रस्त्यावर
माझी गाडी पंक्चर.
बाभळीच्या काट्यांत फ्लेक्सची फाटकी पट्टी :
एक मनगट, सोन्याचं कडं,
जोडलेल्यातला एक तळवा.
दुसरा कुठल्या शेतात असेल.

'काय बघताय, सर?' पंक्चरवाल्या पोरानं विचारलं.
'काही नाही,' म्हटलं.

नाकारून तर झालं.
त्या जागी काय ठेवायचं, ते सुचेना.