फुटाला पाव इंच

तोइवो म्हणतो, आधी खोद.
वर काय दिसेल ते मागाहून.
काळी माती संपून चिकणमाती लागेपर्यंत;
मग खडी, मग कंपॅक्टर,
पुन्हा खडी, पुन्हा कंपॅक्टर.
रात्री जेवताना चमचासुद्धा
हातात थरथरत राहतो.

डलूथ. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा.
सरोवरावरचा वारा सरळ बाह्यांत शिरतो.
पाच दुकानांची रांग: औषधं, लाँड्री, डोनट,
चष्मेवाला, एक बंद.
आर्डिस हाल्वोर्सन इथेच पडली फेब्रुवारीत.
दोन लाद्यांमध्ये दीड बोटाचा फरक, बस्स.
खुबा गेला. मग वकील आले,
मग मोजपट्ट्या, मग आम्ही.

जुनं फोडलं तेव्हा तोइवोने एक तुकडा
उन्हात धरून नखाने टोकरला.
पापुद्रे सुटले.
"कुणीतरी घाई केली. पाणी ओतलं मिश्रणात."
पाणी मुरतं.
मुरलेलं गोठतं, गोठलेलं फुगतं,
वरून दर वर्षी मीठ.
आणखी काही करावं लागत नाही.

साडेसातला ट्रक. ड्वेनचा हात पाइपवर:
"थोडं सैल करू? पसरायला सोपं."
तोइवो मान हलवतो.
"घट्ट आहे रे."
"असू दे घट्ट."
त्या एका 'असू दे'साठी
माझे खांदे तीन दिवस दुखले.

उतार फुटाला पाव इंच, दारापासून रस्त्याकडे.
डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतो.
दर पाच फुटांवर एक खाच:
भेग तर पडणारच, तोइवो म्हणतो,
कुठे पडायचं ते तिला आधी सांगून ठेवायचं.
दोन लग्नं मोडलेला माणूस.
मी काही बोललो नाही.

मग वरचं पाणी आटेपर्यंत थांबायचं.
हे सगळ्यात अवघड. हात खिशात.
मालक क्रेग येऊन सांगतो,
आरशासारखं गुळगुळीत करा, आणि शुक्रवारच्या आत.
तोइवो ऐकून घेतो
आणि ब्रश ओढतो, आडवा,
एका दमात, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात,
ही करड्यावरची: बारीक, खरखरीत,
बुटाचा तळ धरून ठेवणारी.
टोकाच्या उतारावर पिवळे टपोरे ठिपके,
ज्यांना दिसत नाही त्यांनी पायांनी वाचायचे.

लाँड्रीतली माय शिओंग दारातून विचारते,
"आता चालू?"
"सात दिवस."
ती गठडी उचलून मागच्या दाराने जाते. सातही दिवस.

जानेवारीत डोनट घ्यायला गेलो.
तोइवोची पाटी अजून खांबाला:
पहिला हिवाळा मीठ नको, वाळू टाका.
कुणीतरी ऐकलं होतं.
आर्डिस आली, वॉकर पुढे ढकलत.
मी गाडीतच बसून राहिलो, इंजिन चालू.
तिने खाली पाहिलं नाही, एकदाही नाही.
दारावरचा कागद वाचत होती, चालता चालता:
खोकल्याचं औषध, दोनावर एक.