फक्त वाचण्यापुरती

तोर्सहाव्नहून दोन तासांची बोट.
डिस्कांचं खोकं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही.
धक्क्यावर तोराल्वर उभा होता, मासळीच्या कारखान्याचा मॅनेजर.
म्हणाला, एकतीस माणसं आहेत,
प्रत्येकाला आपापली खोली दे
आणि कोण कुणाच्या खोलीत शिरतो ते बघ.
जुन्या सर्व्हरवर सगळ्यांना सगळंच मोकळं होतं,
कुणीतरी पगाराची यादी उघडली
आणि नाताळचं जेवण विटलं.

बर्फाच्या यंत्राशेजारी मला टेबल दिलं.
हातमोजे घालून टंकता येत नाही,
काढले की बोटं ऐकत नाहीत.

आधी मुळाशी जायचं.
तिथे 'सर्वजण' नावाचा एक गट बसलेला असतो,
त्याला पहिला उठवायचा.
ज्याचे सगळे मालक त्याला वाली नाही,
आई म्हणायची, डोंगरावरच्या सामाईक कुरणाबद्दल.

मग वारसा तोडायचा.
वरच्या फोल्डरचं वागणं खालच्यात झिरपत राहतं,
कुणी न विचारता, थेट तळापर्यंत.
एक खूण काढली की झिरपणं थांबतं.
माणसांत ही खूण कुठे असते
मला अजून सापडलेली नाही.

रानवा, हिशेब: वाचणं, लिहिणं.
बार्दुर, शीतगृह: वाचणं, लिहिणं, पुसणं नाही.
(का, ते तोराल्वरनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.)
कापणीच्या रांगेवरच्या पाच पोलिश बायका:
आपली पगारचिठ्ठी, बास.
होकार आणि नकार एकाच नावापुढे आले
तर नकार वरचढ. नियमच तसा आहे,
मी केलेला नाही.

एक फोल्डर उघडेना.
तोराल्वर दारातच थांबला. एडमुंडचा, म्हणाला,
बावीस वर्षं कारकून. फेब्रुवारीत गेला.
खातं मार्चमध्ये काढून टाकलं.
तुला जे करायचं ते कर.

मला मालकी घेता येते.
दोनदा टिचकी, एक इशारा, पुन्हा टिचकी.
कुठेतरी त्याची नोंद होते, माझ्या नावानं, वेळेसकट.
घेतली.
फाइल एकही उघडली नाही, फक्त यादी पाहिली,
कोणाला काय दिलंय त्याची.

पहिल्या ओळीत नाव नव्हतं.
खातं गेलं की नाव जातं
आणि त्या जागी उरतो एक लांबच लांब आकडा,
ज्याला आता कुणी ओ देत नाही.
त्याच्याखाली दुसरी ओळ:
सोल्वा. वाचणं.

सोल्वा कोण, मी विचारलं.
बायको त्याची, तोराल्वर म्हणाला.
पॅकिंगला असते. कॉम्प्युटरला हात लावत नाही.

ती आली, रबरी एप्रनमध्येच,
हात कोपरापर्यंत लाल.
मला वाटलं ती विचारेल, आत काय आहे.
तिनं विचारलं, हे मला तुम्ही दिलंत का?
मी म्हणाले, नाही. त्यांनीच दिलंय.
कधी, ते इथे दिसत नाही.
म्हणजे उघडंच होतं?
तुमच्यापुरतं. हो.

ती खुर्चीच्या काठावर टेकली.
माउस उलटा धरला, मग सुलटा.
मी बर्फाच्या यंत्राकडे तोंड करून उभी राहिले,
ते दर चार मिनिटांनी
पोटातलं सगळं एकदम ओकतं.
तीनदा ओकलं तेवढ्यात.
मधेच ती हसली, एकदाच, नाकातून,
नवऱ्याची लबाडी पकडल्यावर हसावं तशी.
म्हणाली, हा म्हणाला होता, इंजिन विकलं.
आणि वाचत राहिली.

काही बदलायचंय का? पुसायचंय?
मला लिहायची परवानगी आहे का?
नाही. द्यायची तर देते.
नको, ती म्हणाली, त्यानं दिलं तेवढंच राहू दे.

नव्या सर्व्हरवर सगळं नेलं, ओळींसकट.
बेवारस आकडे साफ करायचे असतात,
आमच्या कामाच्या यादीत अकरावा मुद्दा आहे.
अकराव्यापुढे मी बरोबरची खूण केली
आणि तो आकडा तसाच ठेवला.

बोट सव्वापाचची होती.
ती एप्रन झटकून पुन्हा रांगेला गेली होती.
टेबलावर, माझ्या हातमोज्यांवर,
कागदात बांधलेला एक वाळवलेला मासा.
कुणी ठेवला, त्याची नोंद नाही.